तीन विषयांपैकी तिसरा

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे तीन विषय वाचले. सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, महिनाअखेर द्यायचा आहे आणि तुझे गाईड सर म्हणालेत ‘तूच ठरव’, म्हणून तू गोंधळलीस. पीएचडीला आलेल्या मुलीला गाईडनं विषय निवडू दिला, हे भाग्यच समज. बहुतेकांच्या हाती आधीच्या विद्यार्थ्याचा उरलेला विषय येतो.

पहिला विषय: कुठल्या तरी औषधी वनस्पतीच्या पानांच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण. हा करू नकोस. सिल्व्हर नायट्रेटमध्ये अर्क टाकला की द्रावण तपकिरी होतं, ४२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाशशोषणाचं शिखर दिसतं, एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचनेची तपासणी) होतं, एसईएमचा (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा) फोटो येतो, मग ई. कोलाय जिवाणूंच्या प्लेटवर त्यांची वाढ थांबलेलं वर्तुळ मोजायचं. सगळं व्यवस्थित होतं, हीच त्यातली अडचण आहे. चांदी जिवाणू मारते हे आपल्याला आधीच माहीत आहे. पान बदललं की पेपर बदलतो, उत्तर बदलत नाही. नॅनोकणांवर उत्तम काम करणारे लोक आहेत, पण ते तुलनेसाठी नुसत्या चांदीच्या आयनांचा कंट्रोल ठेवतात, कण कसे आणि का तयार झाले हे विचारतात. तुझ्या आराखड्यात तो प्रश्नच नव्हता.

दुसरा विषय: कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा तालुक्यातल्या वीस वनस्पतींची प्रतिजैविक क्षमता. हा पहिल्यापेक्षा बरा. पण वीसच का, आणि याच का? मिथेनॉलमध्ये काढलेला कच्चा अर्क कशालाही थोडंफार मारतोच. त्यातलं नेमकं काय मारतं हे शोधायचं तर एकच वनस्पती घेऊन वर्षानुवर्षं रसायनं वेगळी करत बसावं लागेल. तशी प्रयोगशाळा आणि तसा रसायनशास्त्रातला सोबती असेल तरच त्या वाटेला जा.

तिसरा विषय तू अगदी खाली, दोन ओळींत आणि बहुधा संकोचून लिहिला आहेस: ‘आमच्या भागातल्या सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) खरपुडीच्या फुलांत कोणत्या माश्या येतात?’ हाच घे.

कारण सांगतो. खरपुडी म्हणजेच कंदीलपुष्प, शास्त्रीय नाव सेरोपेजिया. तिचं फूल हा एक सापळा आहे. वर पाच पाकळ्यांची टोकं जुळून झालेला पिंजरा, खाली नळी, तळाशी फुगीर कोठी. नळीच्या आतले केस खाली वळलेले, त्यामुळे आत शिरलेली बारीक माशी परत वर येऊ शकत नाही. काही काळानं केस मऊ पडतात आणि ती सुटते. तोवर तिच्या तोंडाच्या अवयवांना परागपिंड, म्हणजे परागकणांचे पुंजके, चिकटलेले असतात. ती पुन्हा दुसऱ्या फुलात फसली की परागीभवन झालं. दक्षिण आफ्रिकेतल्या सेरोपेजिया सँडरसोनायवरचं २०१६ सालचं काम जरूर वाच. ते फूल जखमी मधमाशीसारखा वास सोडतं, आणि कोळ्यानं पकडलेल्या मधमाशीचा रस प्यायला येणाऱ्या डेस्मोमेटोपा वंशाच्या माश्या त्या वासाला भुलतात. काही जातींकडे अशा एकाच गटाच्या माश्या येतात, काहींकडे सरसकट बऱ्याच. आपल्या सह्याद्रीत तर या वंशाच्या कितीतरी जाती प्रदेशनिष्ठ आहेत, म्हणजे जगात इतरत्र कुठेच नाहीत. प्रत्येकीचा फसवण्याचा बेत वेगळा असू शकतो.

आता बघ, या प्रश्नाला लागतं काय? भिंग, स्टिरिओ मायक्रोस्कोप, अल्कोहोलच्या कुप्या आणि एकाच जागी पावसाळाभर पुन्हा पुन्हा जाणारं माणूस. बंगळुरू-हैदराबादच्या मोठ्या संस्थेत तुझ्यापेक्षा शंभरपट चांगली यंत्रं आहेत. पण तिथल्या विद्यार्थ्याला आजऱ्याच्या सड्यावर ऑगस्टात सकाळी सहाला उभं राहायचं तर दौऱ्याची मंजुरी, गाडी, मुक्काम असं सगळं जुळवावं लागतं. तुझं घर तिथे आहे. पाऊस उघडला की तू तासाभरात पठारावर असतेस. विद्यापीठ जिल्ह्याच्या ठिकाणी असण्याला लोक उणेपणा समजतात. तुझ्या प्रश्नापुरता तो हक्काचा फायदा आहे.

आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात तू हे शून्यातून सुरू करणार नाहीस. प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कंदीलपुष्पांवर इथेच आयुष्य घातलं. त्यांच्या कितीतरी जाती विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात जोपासल्या गेल्या. जिल्ह्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींचा नोंदग्रंथ, विद्यापीठानेच २००२ साली छापला. तो आणि कुकचा मुंबई इलाख्याचा जुना फ्लोरा शेजारी शेजारी ठेवून तुझ्या भागातल्या नोंदी आधी काढ. कुकनं काम केलं तेव्हाच्या आणि आताच्या नोंदींत जिथे फरक दिसेल तिथे पेन्सिलनं खूण करत जा.

उद्यानावरून मला एक प्रकरण सुचतं. तीच जात कोल्हापुरातल्या उद्यानात फुलते आणि सड्यावरही फुलते. दोन्हीकडे त्याच माश्या येतात का? उद्यानात शेंगा धरतात का? या झाडांच्या शेंगा जोडीनं येतात, त्यामुळे मोजायला सोप्या. जर उद्यानात फुलं भरपूर आणि शेंगा नगण्य असतील, तर दुर्मीळ वनस्पती बागेत लावून ‘जपली’ म्हणणाऱ्या सगळ्यांनाच त्यावर विचार करावा लागेल. ही तुलना तू करू शकतेस, कारण बाग आणि सडा दोन्ही तुझ्या आवाक्यात आहेत.

कामाच्या काही गोष्टी, ज्या मेथडॉलॉजीच्या कोर्सवर्कमध्ये घाईत उरकल्या जातात.

फुलात सापडली ती प्रत्येक माशी परागीभवन करणारी नसते. काही नुसत्या आसऱ्याला येतात. अंगाला परागपिंड चिकटलेला दिसला तरच तिला त्या यादीत घाल, बाकीच्यांना ‘पाहुण्या’ म्हणून वेगळं लिही. हे दोन रकाने पहिल्या दिवसापासून वेगळे ठेव. नंतर वेगळे करता येत नाहीत.

एका वेलीवरची वीस फुलं म्हणजे वीस नमुने नव्हेत. ती एकच वेल आहे. हा घोळ इतका सर्रास होतो की मी थिसिस तपासताना आधी तेच पाहतो: पंधरा फुलं लिहिलेली असतात आणि वेली निघतात दोन. तुझ्या मैत्रिणी सूक्ष्मजीवशास्त्रात आहेत, त्यांनाही सांग. एकाच फ्लास्कमधून तीन प्लेटा ओतल्या म्हणजे तीन रेप्लिकेट (स्वतंत्र पुनरावृत्त्या) झाले असं नाही. सांख्यिकीच्या माणसाकडे आकडे घेऊन नंतर जाऊ नकोस, कोरा तक्ता घेऊन आधी जा. किती वेली, किती जागा, किती वर्षं हे तो आत्ता सांगू शकतो. नंतर तो फक्त मान हलवतो.

दुर्मीळ जातीची फुलं सरसकट खुडू नकोस. फूल गेलं की शेंग गेली. नळीच्या तोंडाला हलका कापूस लावून झाडावरच भिंगानं बघता येतं का, ते आधी बागेतल्या नेहमीच्या जातीवर जमवून बघ. आणि ज्या जागा दुर्मीळ आहेत त्यांचे नेमके जीपीएस आकडे पेपरात छापू नकोस, समूहावर टाकू नकोस. या वेलींचे कंद खाणारे असतात, आणि विकणारेही. विभागाच्या नोंदवहीत आकडे पूर्ण ठेव, छापताना तालुका पुरे.

प्रत्येक जातीची हर्बेरियम शीट (कागदावर चिकटवलेला वाळका नमुना) कर आणि क्रमांक घेऊन विद्यापीठाच्या हर्बेरियममध्ये जमा कर. नमुना जपलेला नसेल तर उद्या तुझं नाव चुकीचं निघालं तरी ते तपासायला कुणाला काहीच उरत नाही. जातींची नावं बदलतात, वंशसुद्धा इकडचे तिकडे होतात, वाळलेला नमुना मात्र तोच राहतो. माश्यांचंही तसंच. ओळख पटवण्यासाठी पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं प्रादेशिक केंद्र आहे, तिथे पहिल्या वर्षातच जाऊन ये. माश्यांच्या वर्गीकरणाची माणसं देशात फार थोडी आहेत आणि त्यांच्या टेबलावर आधीच ढीग असतो. तू पाचव्या वर्षी तीनशे कुप्या घेऊन दारात उभी राहिलीस तर त्यांनी काय करावं? डीएनए बारकोडिंग, म्हणजे डीएनएच्या साडेसहाशे बेसच्या एका तुकड्यावरून जात ओळखणं, होईल, सिक्वेन्सिंग बाहेरून करून मिळतं. पण डेटाबेसमध्ये तुझी माशीच नसेल तर यंत्र ‘जवळचं काहीतरी’ सांगून मोकळं होतं. म्हणून आधी भिंगाखालची ओळख, मग बारकोड. डीएनएसाठीच्या कुप्यांत अ‍ॅब्सोल्यूट, म्हणजे पाणी नसलेलं, अल्कोहोलच हवं, आणि ते विभागात ऐनवेळी मागून मिळत नाही. मे महिन्यात सोय कर.

वही मराठीत लिहिलीस तरी चालेल. पावसात पेनाचं अक्षर पसरतं, पेन्सिल वापर. तारीख, वेळ, ढग, वारा, शेजारी चरणारी गुरं, सगळं लिही. ‘आज काही नाही’ हेसुद्धा लिही. संध्याकाळी तीच पानं फोनवर फोटो काढून दोन ठिकाणी ठेव. गुराख्यांना विचार. वेल कुठे उगवते हे त्यांना माहीत असतं, आणि त्यांचं नाव आभारात टाकायला विसरू नकोस. आभारात प्राचार्यांपासून सगळे असतात, फक्त ज्यानं जागा दाखवली तोच नसतो.

वेळेचा हिशोब पावसाळ्यांत कर. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं, स्त्रियांना वर दोन वर्षांची सवलत. पण तुझी फुलं वर्षातून एकदाच येतात. पहिला पावसाळा जागा शोधण्यात जाईल, शेवटचा लिखाणात. मध्ये दोन, फार तर तीन उरतात. एक अतिवृष्टीत वाहून जाऊ शकतो. (कारवीवर पीएचडी करायची म्हणणारा एक मुलगा मला भेटला होता. ती फुलते सात-आठ वर्षांनी. त्याला म्हटलं, आधी नोकरी बघ.)

पैशांचं बोलायला हवं, कारण घरचे ते विचारणारच. जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं आहे, त्यामुळे नेटचे आणखी दोन प्रयत्न नक्की कर. नाही तर सारथी, बार्टी, महाज्योती या फेलोशिप देणाऱ्या राज्य सरकारच्या संस्थांच्या जाहिरातींवर लक्ष ठेव, ज्यात बसशील तिथे अर्ज कर. कुठलीही फेलोशिप दर एक तारखेला खात्यात पडेल असं धरून खोलीचं भाडं ठरवू नकोस. मधल्या काळात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवावं लागलं तर शिकव, पण जुलै ते ऑक्टोबर सोडून. हे कॉलेजला आधीच सांग आणि नाही म्हणाले तर ते काम सोड.

पेपरच्या बाबतीत घाबरू नकोस. प्रबंध देण्याआधी पेपर हवाच, ही सक्ती २०२२ च्या नियमांत यूजीसीने काढली. विद्यापीठाचं सध्याचं परिपत्रक मात्र स्वतः वाच, मित्रांचं ऐकू नकोस. ‘सात दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्रासह’ असे मेसेज तुला नोंदणीच्या दुसऱ्या दिवसापासून येतील. ते पैसे घेऊन काहीही छापतात. २०१८ साली यूजीसीने स्वतःच्याच यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली होती. नंतर आलेली मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादीही आता बंद झाली, म्हणजे नियतकालिक पारखणं तुझ्याच अंगावर आलं. सोपी कसोटी: तुझ्या विषयावरचे जे पंधरा-वीस पेपर तू खरोखर वाचलेस, ते जिथे छापलेत तिथेच पाठव. नकार येईल. नकारासोबत दोन परीक्षकांची टिपणं फुकट मिळतात, ती गाईड सरांना दाखव.

तुझ्या गाईड सरांबद्दल. चांगले आहेत, पण तास, परीक्षा आणि नॅकच्या (संस्थेच्या मूल्यांकनाच्या) फायली यांत बुडालेले आहेत. ते बोलावतील म्हणून वाट पाहू नकोस. दर महिन्याला एक पानाचा मजकूर त्यांच्या हाती दे: काय केलं, काय अडलं, पुढे काय. एका पानावर माणूस उभ्या उभ्या सही करतो आणि उभ्या उभ्या चूकही दाखवतो. विषयाला मान्यता देणाऱ्या आरआरसी समितीसमोर तुला कुणीतरी हमखास विचारेल, ‘याचा समाजाला उपयोग काय?’ त्यावर पीक, मधमाश्या, शेतकरी असं ओढूनताणून काही सांगू नकोस. सड्यांवर रस्ते, खाणी, पवनचक्क्या येताहेत, आणि वेल वाचवायची तर तिची माशी कोणती हे माहीत असायला हवं, एवढं सांग.

जागा निवडताना वनखात्याची हद्द कुठे लागते ते तलाठ्याकडून आणि परिक्षेत्र कार्यालयातून नकाशावर तपासून घे. खासगी किंवा गावच्या जमिनीवर ग्रामपंचायतीला पत्र दे. वनजमिनीसाठी विभागीय कार्यालयात अर्ज करायचा. जागा अभयारण्यात पडत असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि तो कागद नागपूरला जाऊन येतो. त्यामुळे पहिल्या वर्षी अभयारण्याबाहेरच्या जागा धर आणि आतल्यांसाठी अर्ज आत्ताच टाक. सोबत विभागप्रमुखांचं पत्र, सिनॉप्सिसची प्रत आणि तू किती नमुने घेणार हा नेमका आकडा जोड. अर्जाची पोच घे. सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा मला पाठवशील तेव्हा कोरा तक्ताही सोबत पाठव, आधी तोच बघेन.

तुझा,
सर