आजी म्हणतात, आमच्या फणसावरची कडक अळंबी बाळाचं तोंड आल्यावर उगाळून लावावी. लावावी का? ती 'रेशी' म्हणून विकता येईल का?

आजऱ्याकडच्या जुन्या फणसावर तुम्ही म्हणता तशी लाकडागत टणक, वरून काळपट, भेगाळलेली आणि खालून पिवळट तपकिरी अळंबी असेल, तर ती बहुतेक फणसोंबा, म्हणजे फेलिनस गटातली. रेशी (गॅनोडर्मा), म्हणजे औषधी म्हणून विकतात ती अळंबी, निराळी. ती वरून पॉलिश मारल्यासारखी तांबूस चकचकीत, खालून पांढरी. ताजी असताना खाली नखानं ओरखडलं की तपकिरी रेघ उठते. आपल्याकडे गुलमोहराच्या बुंध्याशी दिसते. शंका असेल तर फणसोंब्याच्या आतल्या भागावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा थेंब टाका, काळा पडेल. त्यातून कुळाचा नुसता अंदाज येतो, नेमकी जात कळत नाही. तेव्हा विकायचं डोक्यातून काढा.

आजी सांगतात तो वापर जुनाच आहे. तोंड आलं, लाळ फार गळायला लागली, की सहाणेवर पाण्यात उगाळून हिरड्यांना लेप लावतात. अळंबी ओली असतानाच कोयत्यानं पातळ चकत्या करा. वाळल्यावर पातं घसरतं. पावसाळ्यात ऊन नसेल तर चुलीच्या उबेला, पण धुरापासून लांब वाळवा. बारीक भोकं दिसली आणि हलवल्यावर भुकटी गळली, तर किडा लागलाय, टाकून द्या. सहाण उकळत्या पाण्यानं धुवायची, पाणी उकळून गार केलेलं, लेप दर वेळी ताजा.

एवढं करून मोठ्या माणसानं लावलं तर ठीक. तान्ह्या बाळाला नको. जिभेवर पुसून न निघणारा पांढरा थर बऱ्याचदा बुरशीचाच असतो, त्याला डॉक्टरांचं औषध लागतं. ताप असेल, बाळ दूध ओढत नसेल, तर त्याच दिवशी दाखवा.

पोटात घ्यायला रानातली नकोच. लागवडीची रेशी घेतली तरी नुसती भुकटी दुधातून घेण्यात फारसा अर्थ नाही: तिच्या पेशीभित्तीतला कायटिन हा चिवट घटक आपल्याला नीट पचत नाही. म्हणून चकत्या मंद आचेवर तासभर उकळतात, म्हणजे बीटा-ग्लुकान ही तिच्यातली औषधी मानली जाणारी द्रव्यं पाण्यात उतरतात. चिनी औषधसंहितेत दिवसाला ६ ते १२ ग्रॅमचा काढा सांगितलाय. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, ऑपरेशन ठरलं असेल, तर रेशी घेऊ नका. भुकटीनं यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. कॅन्सर बरा होतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. जपानमध्ये ट्रॅमेटिस नावाच्या दुसऱ्या अळंबीपासूनचं पीएसके हे औषध वापरलं गेलं, तेही केमोथेरपीच्या जोडीला.

आणि फणसाकडे बघा. अळंबी काढली तरी बुरशी आत लाकूड खातच राहते. अळंबी आलेली फांदी घरावर किंवा गोठ्यावर आली असेल तर वळवाआधी उतरवून घ्या, आणि तिच्यावर कुणाला चढवू नका.