रंगाचं बिल दुपटीच्या वर, आणि गाडी अडकलीय गॅरेजात

प्रश्न : माझ्या दिवंगत वडिलांची 1971 सालची जावा 250 मी फेब्रुवारीत पुण्यातल्या एका गॅरेजला पूर्ण रंगकामासाठी दिली. व्हॉट्सअॅपवर 26,000 रुपयांचा आकडा आला, सहा आठवड्यांत देतो म्हणाले, मी 10,000 अॅडव्हान्स पाठवला. गाडी तयार झाल्याचा फोन ऑगस्टमध्ये आला आणि पाठोपाठ 58,410 रुपयांचं बिल. रंग मी सांगितलेला मरून नाही, चमचमणारा लाल आहे. पेट्रोलच्या झाकणाजवळ आत्ताच फुगे आलेत. पूर्ण पैसे दिल्याशिवाय गाडी मिळणार नाही, महिन्याभरात नेली नाही तर विकून वसूल करीन, आणि आरसी वडिलांच्या नावावर आहे, तेव्हा तुमचा हक्कच काय, असं गॅरेजमालक म्हणतो. दुसरी चावी माझ्याकडे आहे. गाडी उचलून आणू का? पोलिसांत अपहाराची तक्रार करता येईल का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : चावीचं आधी सांगतो. ज्यांनी जावा चालवलीय त्यांना ठाऊक आहे की तिची चावी म्हणजे जवळपास खिळाच. तुम्हाला गाडी चालू करता येईल का, हा प्रश्न कधीच नव्हता. पण ती अशी उचलून आणू नका. स्वतःची गाडी स्वतः आणली तर चोरी कशी, असं तुम्हाला वाटत असेल. माझ्या ऑफिसात येणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना तसंच वाटतं. कायद्याला वाटत नाही. 1860 च्या भारतीय दंड संहितेत चोरीच्या कलमाखाली घड्याळाचं उदाहरण होतं आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खाली ते तसंच उतरलंय. एकाने घड्याळ दुरुस्तीला दिलं, दुरुस्तीचे पैसे देणं बाकी आहे, म्हणून दुकानदाराने ते कायदेशीरपणे अडवून ठेवलंय. घड्याळाच्या मालकाने दुकानदाराची ही पैशांची हमी बुडवायच्या हेतूने ते काढून नेलं, तर ती चोरी. घड्याळाच्या जागी जावा ठेवा. आज तुम्ही फिर्यादी आहात. रात्री कुलूप तोडलंत की सकाळी आरोपी व्हाल. हात दाखवून अवलक्षण.

त्याच उदाहरणाच्या आधी त्याच घड्याळाचं आणखी एक उदाहरण आहे : देणं काहीच नसताना मालकाने आपलं घड्याळ दुकानदाराच्या हातून हिसकावून नेलं, तर तिथे दुसरा गुन्हा होईल, पण चोरी होत नाही. दोन्हींतला फरक एवढाच, की देणं आहे की नाही. तुमचं सगळं प्रकरणही याच एका गोष्टीभोवती फिरतंय. किती देणं आहे, ते आधी ठरवू.

गाडी अडवून ठेवायचा हक्क गॅरेजवाल्याला भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 170 ने दिलाय. ताब्यात दिलेल्या वस्तूवर ज्याने श्रम किंवा कसब खर्चून काम केलं, त्याला त्या कामाचा योग्य मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. हिऱ्याला पैलू पाडणारा सराफ हे त्या कलमाखालचं उदाहरण. रंगारी त्यात नक्कीच बसतो. पण कलमात शब्द आहे ‘योग्य मोबदला’, म्हणजे जो खरोखर देय झालाय तो. तो जो आकडा बिलावर लिहील तो नव्हे. आणि हा हक्क त्या गाडीवरच्या त्या कामापुरता आहे.

आता तुमचं बिल माझ्यासमोर आहे. रंगकाम 26,000. टाकीचा गंज आणि डेंटिंग 6,500. क्रोम 9,000. ‘स्पेशल पेंट फरक’ 5,000. पार्किंग तीस दिवस, रोज 100 प्रमाणे 3,000. बेरीज 49,500, त्यावर जीएसटी 18 टक्के 8,910. एकूण 58,410.

पहिले 26,000 वादात नाहीत. ‘टाकी, फ्रेम, दोन मडगार्ड, साइड बॉक्स, चेन कव्हर, हेडलाइट, भट्टी पेंट, लायनिंगसह’ असा त्याचा मेसेज आहे आणि तुमचं ‘ओके, करा’ आहे. करार झाला. त्यासाठी स्टॅम्पपेपर लागत नाही.

टाकीच्या 6,500 बद्दल मात्र तुम्ही पत्रात एक गोष्ट सांगितली नाहीत. ती मला तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये सापडली. मार्चमध्ये त्याने रिमूव्हर मारलेल्या टाकीचा फोटो पाठवला होता, खालच्या शिवणीला गंजाने पडलेली भोकं दिसतायत. त्यावर तुमचं उत्तर : ‘जे लागेल ते करा, पण एक नंबर झालं पाहिजे.’ साहेब, हे वाक्य माझ्या अशिलांनी लिहू नये म्हणून मी बोर्ड लावायला तयार आहे. ‘जे लागेल ते’ म्हणजे कोरा चेक होत नाही, त्यालाही वाजवीपणाची मर्यादा आहे. पण ज्या फोटोखाली ते लिहिलंय, त्या फोटोतल्या कामाला तुमची संमती नव्हती असं आता म्हणता येणार नाही. हे पैसे द्यावे लागतील, असं धरून चाला.

क्रोमचा मामला मधला आहे. टाकीच्या बाजूचं आणि सायलेन्सरचं क्रोम 26,000 च्या मेसेजात नाही. जावाच्या टाकीला बाजूने क्रोम असतं हे दोघांनाही माहीत होतं, तरी त्याने वेगळा दर सांगितला नाही. पण झळकणाऱ्या सायलेन्सरचा व्हिडिओ त्याने पाठवला आणि तुम्ही खाली अंगठा दाखवलात. तो अंगठा कामाला होता की नुसता चकाकीला, यावर दोन वकील अर्धा तास सहज बोलतील. शिवाय करार कायद्याचंच कलम 70 आहे : फुकट करायचा हेतू नसताना एखाद्याने तुमच्यासाठी कायदेशीरपणे काम केलं आणि तुम्ही त्याचा लाभ घेतलात, तर भरपाई द्यावी लागते. चढवलेलं क्रोम खरवडून परत देता येत नाही. माझ्या मते इथे निम्मी बाजू त्याची आहे.

‘स्पेशल पेंट फरका’त त्याची काहीच बाजू नाही. तुम्ही मरून म्हणालात, त्याने स्वतःच्या आवडीने लाल मारला, आणि वर त्याचे 5,000 लावले. पार्किंगचंही तेच. गाडी तो स्वतःच्या पैशांसाठी अडवून बसलाय, त्या अडवणुकीचं भाडं तुमच्याकडून घ्यायचं ठरलं नव्हतं. कलम 170 श्रमाच्या मोबदल्याचं आहे, जागाभाड्याचं नाही.

जीएसटी बघून मला हसू आलं. बिलावर गॅरेजचं नाव आहे, गणपती आहे, मोबाइल नंबर आहे, जीएसटी नंबर मात्र कुठेच नाही. नोंदणी नसलेल्या माणसाने कर म्हणून रक्कम वसूल करणं केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 32 ने सरळ मना आहे. तेव्हा नंबर लेखी मागा. नंबर असला तर नंबरासह रीतसर बिल मागा आणि योग्य रकमेवरचा कर द्या. नसला तर 8,910 विसरा.

म्हणजे नक्की देय 32,500. क्रोम पूर्ण धरलं तर 41,500. अॅडव्हान्स वजा जाता 22,500 ते 31,500. तो मागतोय 48,410.

रंग चुकला आणि फुगे आले, याची वजावट यातून व्हायची आहे. पण ती आत्ता दारात उभं राहून करू नका. झाकणाजवळचे फुगे पेट्रोल सांडल्याने आलेत असं तो म्हणणार, आणि गंज नीट न काढता वर पुट्टी-प्रायमर चढवला असं तुमचा दुसरा पेंटर म्हणणार. हे ठरायला कुणीतरी तज्ज्ञाने टाकी बघावी लागेल. त्यामुळे गाडी मिळाली की दुसऱ्या दिवशी नव्या पेंटरकडे टाकी घासायला देऊ नका. उन्हात, जवळून, तारखेसह फोटो आणि व्हिडिओ काढा. दोन पेंटरांकडून दोष काय आहे आणि सुधारायला किती लागतील, हे सहीनिशी कागदावर घ्या. पुरावा घासून काढल्यावर माझ्याकडे आलेले लोक आहेत. त्यांना मी चहा पाजू शकलो, तेवढंच.

विकून टाकण्याची धमकी पोकळ आहे. गहाण ठेवून घेणाऱ्याला रीतसर नोटीस देऊन वस्तू विकता येते, तो अधिकार करार कायद्याच्या कलम 176 चा. दुरुस्ती करणाऱ्याला फक्त धरून ठेवता येतं. विकली तर मात्र तुमचा पोलिसांचा प्रश्न जिवंत होईल, भारतीय न्याय संहितेचं कलम 316, विश्वासघात. आज नुसती अडवलीय तेवढ्यावर ठाणे अंमलदार ‘दिवाणी बाब आहे’ म्हणून परत पाठवेल, आणि या एका बाबतीत तो बरोबर असेल.

आरसीचा मुद्दा त्याने उगाच काढलाय. गाडी तुमच्या हातून घेतली, पैसे तुमच्याकडून घेतले, तेव्हा आरसी आठवली नाही. ताबा देणाऱ्याचा मालकीहक्क पक्का नसला तरी त्याला सद्भावनेने वस्तू परत करणाऱ्यावर खऱ्या मालकाला उत्तर द्यायची जबाबदारी येत नाही, असं करार कायद्याचं कलम 166 सांगतं. मात्र तुमची चूक तुमच्या जागी आहे. वडील जाऊन दोन वर्षं झाली. वारसाने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून नावावर करायचं असतं. उशिराचा दंड भरा आणि ते उरकून घ्या. आईची आणि बहिणीची ना-हरकत लागेल, ती आजच घ्या, दिवाळीला सगळे घरी आल्यावर नको.

रंगाचा संबंध आरसीशीही आहे. तुमच्या पुस्तकात रंग ‘मरून’ लिहिलाय. लाल ठेवायचा झाला तर तशी नोंद करून घ्यावी लागेल. शिवाय 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. ती गाडी रोज भाजी आणायला नेता येत नाही, हे लक्षात ठेवून काय ते ठरवा. तुमच्या जागी मी मूळ मरूनच परत करून घेतला असता, पण हा वकिलाचा सल्ला नव्हे. माझ्या मामाकडे तशीच होती. किक आणि गिअर एकाच दांड्यात; आम्ही पोरं तो दांडा बघायलाच जायचो.

आता करायचं काय. त्याला नोटीस पाठवा, स्पीड पोस्टाने पोचपावतीसह आणि व्हॉट्सअॅपवरही. नोटीस पाठवलीच पाहिजे असा ग्राहक कायद्यात नियम नाही, पण पुढे तिचाच उपयोग होतो. त्यात बिलाची एकेक बाब घेऊन कोणती मान्य, कोणती नाही, ते लिहा. आणि 31,500 रुपये गाडी ताब्यात घेताना जागेवर द्यायला तयार आहे, क्रोमच्या 9,000 ची आणि रंगातल्या दोषांची हरकत राखून, असं स्पष्ट लिहा. क्रोमचे पैसे आत्ता का द्यायचे? कारण त्या 9,000 पायी त्याला गाडी धरून ठेवायला कायदेशीर कारण उरतं. ते कारण काढून घ्या. देऊ केलेली रक्कम बिनशर्त असावी लागते (करार कायदा, कलम 38). ‘आधी रंग बदल, मग पैसे’ ही शर्त झाली. ‘पैसे घे, माझी हरकत शिल्लक आहे’ ही शर्त नाही. पैसे यूपीआयने द्या आणि रिमार्कमध्ये ‘हरकत राखून’ टाका. रोख देऊ नका.

एवढं देऊ करूनही त्याने नकार दिला, तर तिथून पुढची अडवणूक बेकायदेशीर. त्यानंतर गाडीला काही झालं, पावसात भिजली, पार्ट गेले, तर करार कायद्याच्या कलम 161 खाली जबाबदारी त्याची.

मग ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे साताऱ्यातच. पुण्याच्या खेपा घालायची गरज नाही. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी शून्य. वकील लावायची सक्ती नाही, ई-जागृती पोर्टलवरून स्वतः दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची. गाडी अजून अडकलेली असेल तर तक्रारीसोबतच ग्राहक कायद्याच्या कलम 38(8) खाली अंतरिम आदेशाचा अर्ज द्या : वादातली रक्कम आयोगात भरतो, गाडी सोडायला सांगा. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय, की नंतर विकली तर चांगले पैसे येतील. तक्रारीत ते लिहायची गरज नाही, पण त्याची भीतीही नको. धंद्यासाठी काम करून घेणारा या कायद्यात ग्राहक ठरत नाही, पण वारशाने आलेली एक गाडी विकणं हा धंदा होत नाही. महिन्याला एक जुनी गाडी रंगवून विकत असता, तर उत्तर वेगळं असतं.

मिळेल काय? रंग सुधारायचा वाजवी खर्च, चुकीने घेतलेले पैसे, थोडा तक्रारखर्च. सहा आठवड्यांचे सहा महिने झाले, त्याबद्दल आणि मनस्तापाबद्दल काही हजार मिळाले तर मिळाले. लाखांची स्वप्नं बघू नका. आणि कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा असं म्हटलंय, ते वाचून कॅलेंडरवर खूण करू नका.

गाडी आणायला जाल त्या दिवशी एकटे जाऊ नका, आणि दिवसाउजेडी जा. फेब्रुवारीत गाडी देताना काढलेले फोटो मोबाइलवर उघडून ठेवा, टाकीवरचे मोनो (कंपनीची चिन्हं) आणि गुडघ्याचे रबर तेच जुने आहेत का बघा. बदललेले असतील तर तिथेच पावतीवर लिहा. शेवटी फ्रेमवरचा चॅसी नंबर बघा. ब्लास्टिंग (वाळूचा मारा) करून वर जाड कोटिंग चढवलं की नंबर बुजतो, आणि आरटीओत पेन्सिलचा छाप उठला नाही की नाव लावायचं कामही तिथेच अडतं. बोटाने चाचपून आकडे लागत नसतील, तर सही करण्याआधी त्याच्याकडूनच तेवढी जागा मोकळी करून घ्या, हलक्या हाताने, रिमूव्हरने. घासपट्टी लावू देऊ नका.