बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी न्यूट्रलमध्ये घेताना
पन्हाळ्याच्या चढावर गाडी बंद पडल्यास, गिअरच्या लिव्हरला हात लावण्यापूर्वी चाकांना उताराच्या बाजूने दगड लावून हँडब्रेक ओढा. ‘पी’मधून (पार्क, म्हणजे गाडी उभी ठेवण्याची जागा) सुटलेली गाडी क्षणात घरंगळते, म्हणून ही पायरी कृपया कधीही गाळू नका. बॅटरी पूर्ण उतरली असेल, तर ब्रेक दाबूनही लिव्हर हलत नाही, कारण त्याचे कुलूप विजेवर उघडते. अशा वेळी पुष्कळ गाड्यांत लिव्हरशेजारचे लहान झाकण काढून, ब्रेकवर पाय ठेवून, आतली कळ स्क्रूड्रायव्हरने दाबून धरत लिव्हर ‘एन’वर (न्यूट्रल) आणता येतो. झाकणाची नेमकी जागा गाडीच्या पुस्तिकेत आजच पाहून ठेवा. न्यूट्रल मात्र ट्रकवर गाडी चढवण्यापुरतेच समजा: इंजिन बंद असताना बहुतेक गिअरबॉक्सचा तेलपंप फिरत नाही, त्यामुळे इंजिनाशी जोडलेली चाके रस्त्यावर ठेवून गाडी थेट कोल्हापुरातल्या उद्यमनगरपर्यंत ओढत नेल्यास आतले भाग तेलाविना घासून निकामी होऊ शकतात.