गावाने आधीच ‘साहेब’ म्हटले आहे

प्रश्न : मी ३१ वर्षांचा आहे. बी.एस्सी. झाल्यावर राज्यसेवेच्या तयारीसाठी मराठवाड्यातून पुण्यात आलो, त्याला सहा वर्षे झाली. पूर्वपरीक्षा दोनदा उत्तीर्ण झालो, मुख्य परीक्षेत दोन्ही वेळा राहिलो. वडील सोयाबीनच्या पैशांतून खोलीभाडे आणि मेसचा खर्च पाठवतात. गावी गेलो की लोक आत्तापासूनच ‘साहेब’ म्हणतात. वर्षभरापासून अभ्यासिकेतल्या नव्या मुलांना संध्याकाळी गणित शिकवतो. शेकडेवारीला घाबरणारा एक मुलगा परवा आपणहून फळ्यापाशी गेला, तेव्हा जो आनंद झाला तो माझ्या निकालानेही झाला नव्हता. तरीही शिक्षक व्हायचे म्हटले की हरल्यासारखे वाटते. स्वतःला स्वीकारणे म्हणजे इच्छा सोडून देणे का?
– एक वाचक

उत्तर : नाही. मात्र सोडायची ती इच्छा नेमकी कोणाची, हे आधी पाहावे लागेल. परीक्षेची सहा वर्षे तुम्ही दोन वाक्यांत संपवली आहेत आणि फळ्यापाशी गेलेल्या त्या मुलावर मात्र मनापासून लिहिले आहे. अधिकारी झाल्यावर कोणते काम करायचे आहे, याविषयी पत्रात एक शब्दही नाही. ‘साहेब’ ही हाक तेवढी आहे. ती गावाने प्रेमानेच मारली असेल. पण न मिळालेल्या पदाचे ते ओझे तुम्ही कर्जासारखे वाहत आहात, आणि मला त्याचीच काळजी वाटते.

स्वतःला स्वीकारणे म्हणजे स्वतःविषयीच्या खऱ्या गोष्टी न लपवता मान्य करणे, एवढाच अर्थ मी घेते. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलात, हे खरे आहे आणि ते कमी नाही; शिकवताना तुम्ही खुलता, हेही तितकेच खरे आहे. खुल्या प्रवर्गासाठी ३८ वर्षांची वयोमर्यादा शासनाने ठरवली आहे, म्हणून तोपर्यंत थांबलेच पाहिजे असे नाही. आणखी एकदा परीक्षा देण्याची खरोखर ओढ असेल, तर अवश्य द्या. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे लेखनाचा सराव नव्याने करावा लागेल. तो करण्याचा विचारच नकोसा वाटत असेल, तर तेही एक उत्तर समजा.

शिक्षकी पेशाही सोपा नाही, हे आधीच सांगते. दोन वर्षांचे बी.एड., शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी आणि ‘पवित्र’ पोर्टलवरची भरतीची प्रतीक्षा, असा तो मार्ग आहे. तेव्हा एका परीक्षेला कंटाळून दुसरीकडे वळत नाही ना, याची खात्री करून घ्या. निर्णय होईपर्यंत शिकवण्याचे थोडे तरी मानधन घ्या, म्हणजे मेसचा खर्च तुमच्या अंगावर येईल आणि वडिलांशी बोलताना मान खाली जाणार नाही.

वडिलांची अपेक्षा काय आहे, हे तुम्ही गृहीत धरले आहे. पत्रावरून तरी त्यांना कधी विचारलेले दिसत नाही. पुढचा अर्ज भरण्यापूर्वी गावी जा. फोनवर हे बोलणे होणार नाही. किती प्रयत्न करणार आहात हे त्यांना आकड्यात सांगा, आणि त्या मुलाची शेकडेवारीची हकिगतही सांगा.