आजोबांच्या बंदुकीचे तुकडे

प्रश्न : ताई, बाबांच्या परवान्यावर तीन बंदुका होत्या. दोन बारा बोरच्या, आणि एक पणजोबांच्याही आधीपासून घरात असलेली ठासणीची, लांब नळीची, चांदीच्या पट्ट्यांची. कायदा बदलून दोनच ठेवायच्या असं ठरलं, तेव्हा बाबांनी ठासणीची जमा केली, कारण तिचा उपयोग काहीच नव्हता. पावती कपाटात राहिली. बाबा गेल्या वर्षी गेले. कागद आवरताना पावती सापडली म्हणून चौकशी केली, तर इतर जमा हत्यारांबरोबर तिचेही तुकडे करून टाकल्याचं कळलं. आई दोन दिवस धड जेवली नाही. धाकटा भाऊ म्हणतो, गंजक्या लोखंडासाठी कसलं रडायचं? आमचं चुकतंय का?
– एक वाचक, वाई

उत्तर : तुमचं काही चुकत नाही. आईंना माझा नमस्कार सांगा. धाकट्यावरही रागवू नका. त्याने ती बंदूक कुणी हातात घेऊन दाखवलेली पाहिली नसेल, म्हणून त्याला ती लोखंड वाटते.

माझ्या वडिलांचं कोल्हापुरात बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे मी वस्तुसंग्रहालयात धातूच्या वस्तूंच्या जतनाचं काम केलं. नोकरीत असताना एका कार्यालयातून निरोप आला, जमा हत्यारं मोडीत काढतोय, घेण्यासारखं काही असेल तर बघून जा. निरोप टपालाने फिरत फिरत आला होता. मी पोचले तोवर काम उरकलं होतं. कोपऱ्यात तुकड्यांनी भरलेली गोणपाटं होती. वरच्याच गोणीत तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीने उडवायच्या बंदुकीचा मागचा भाग सापडला, वीतभर लांबीचा. बाजूला कान, म्हणजे नळीत ठिणगी जायचं भोक होतं, त्याच्याखाली रंजक, म्हणजे पेट घ्यायची बारीक दारू ठेवायची वाटी, झाकणासकट. लोखंडी पट्ट्यांना पीळ घालून, त्या तापवून, ठोकून नळी घडवलेली. गंजाने वरचा थर खाल्ला होता आणि त्यामुळेच पिळाच्या रेषा उमटून आल्या होत्या, आंब्याच्या फळीवर दिसतात तशा. सोन्याच्या तारेने अक्षरं ठोकली होती. ‘श्री’, पुढे दोन अक्षरं, आणि तिसऱ्यावरून कटरचं चाक गेलं होतं. कापलेली कड निळी पडली होती. पुढचा तुकडा शोधायला मी दोन गोणपाटं उपसली. मिळाला नाही. त्या अडीच अक्षरांचा कागदावर घेतलेला ठसा आजही माझ्या वहीत आहे. ते नाव मालकाचं होतं, कारागिराचं की देवाचं, हे आता कधीच कळणार नाही.

तुमच्या बंदुकीची गोष्ट मला जास्त लागते, कारण ती टळण्यासारखी होती. २०१९ च्या डिसेंबरमध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. आधी एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत, त्या दोनवर आल्या. वारशाने आलेल्याही त्यातच मोजायच्या. जास्तीचं हत्यार जमा करायला एक वर्ष मिळालं. आता बघा, ज्याच्या घरात तीन आहेत तो कोणती देईल? जी चालत नाही ती. तुमच्या बाबांनी केलं तेच कुणीही करील. म्हणजे काडतुसाची, घोडा ओढला की उडणारी दुनळी घरात राहिली आणि जिच्यात दर वेळी तोंडातून दारू आणि छर्रे ठासून बार भरावा लागतो ती गेली. संख्या मोजली की नेहमी असंच होतं, सर्वांत जुनी वस्तू सर्वांत आधी घराबाहेर पडते. यातून कुणाची सुरक्षितता वाढली, मला खरंच कळत नाही.

आणि त्याच कायद्यात, १९५९ च्या मूळ कायद्यात, कलम ४५ आहे. जुन्या, वापरातून गेलेल्या घडणीचं किंवा पुरातन मोलाचं किंवा मोडकं हत्यार, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरायचं नाही किंवा वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागू नाही, असं त्यात लिहिलंय. तुमची बंदूक त्यात बसली असती की नाही हे तिची कळ पाहून परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने ठरवायचं होतं. पण तसा अर्ज करता येतो हे बाबांना कुणी सांगितलं नाही. खिडकीपलीकडच्या माणसालाही बहुधा ठाऊक नसेल.

आता उरलंय ते सांभाळा. बाबांची परवाना पुस्तिका फेकू नका, तिच्यात हत्याराचं वर्णन असतं. पावती तिच्यासोबत ठेवा. खंडेनवमीच्या पूजेचे जुने फोटो शोधा, पाटावर मांडलेली बंदूक बहुतेक घरांत एखाद्या तरी फोटोत असते. आणि आईंना बोलतं करा. चांदीच्या पट्ट्या किती होत्या, दस्ता सरळ होता की वाकडा, नळीचं तोंड साधं होतं की वाघाच्या तोंडासारखं, नेम धरायची माशी कशी होती, बंदूक कुठल्या खुंटीवर असायची, तिच्याबद्दल सासूबाई काय सांगायच्या. सगळं तारीख घालून लिहा. एक प्रत माझ्याकडे पाठवा, जपून ठेवीन.

प्रश्न : तुमच्या सदरात जुन्या बंदुकांविषयी फार हळहळ असते. मी शिक्षिका होते. ज्या वस्तूने जीव घेतला ती वितळवली तर बिघडलं काय? ऑस्ट्रेलियाने लाखो बंदुका नष्ट केल्या, तिथे कुणाचं अडलं नाही.
– एक वाचक, पुणे

उत्तर : बाई, तुमच्या पत्राचा मला राग आला नाही. २८ एप्रिल १९९६ ला पोर्ट आर्थर इथे एका माणसाने ३५ जणांना मारलं. त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या सरकारने पैसे देऊन सहा लाखांहून जास्त बंदुका परत घेतल्या आणि मोडल्या. भराभर गोळ्या झाडणारी रायफल घराघरांत नसावी, हे मलाही मान्य आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये स्कॉटलंडच्या डनब्लेन गावात शाळेत शिरून एकाने १६ मुलं आणि त्यांच्या बाई मारल्या. त्या मुलांसमोर कुठल्याही संग्राहकाचं दुःख मोठं नाही. हे मी मनापासून लिहितेय.

पण त्याच ब्रिटनने पुढे काय केलं तेही पाहा. १९९७ मध्ये पिस्तुलांवर जवळपास संपूर्ण बंदी घातली, तरी कायद्यातच एक दार ठेवलं, की १९१९ च्या आधी घडवलेली, इतिहासाच्या दृष्टीने मोलाची पिस्तुलं अटींवर जपता येतील. दुःखात असतानाही त्यांना दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या. २०१२ मध्ये अमेरिकेत हार्टफर्ड शहरात पोलीस लोकांकडून बंदुका परत घेत होते. एका बाईंनी वडिलांची रायफल आणून दिली. त्यांनी ती दुसऱ्या महायुद्धातून आणलेली. काउंटरवरच्या पोलिसांनी ती ओळखली. जर्मनांची श्टुर्मगेवेअर ४४ होती, आजच्या असॉल्ट रायफलींची थोरली बहीण. त्यांनी ती भट्टीकडे जाऊ दिली नाही. टेबलामागे जाणता माणूस बसला होता, एवढ्यानेच फरक पडला.

माझं मागणं तेवढंच आहे. मोडीत काढायच्या यादीतली हत्यारं एका टेबलावर मांडा आणि चाक फिरवायच्या आधी एका जाणकाराला दोन तास द्या. पुण्यात केळकर संग्रहालय आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, तिथल्या माणसांना वेळेत कळवा. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव गावठी कट्ट्यांसाठी मीच ‘कापा’ म्हणेन. उरलेल्या दोन कायमच्या निकामी करून काचेआड ठेवता येतात. त्यांनी पुन्हा कुणाचा जीव जाणार नाही.

आणि जीव घेणारी वस्तू म्हणाल, तर आपल्याकडे तिला दुसरीही बाजू आहे. १८७८ मध्ये इंग्रजांनी शस्त्र कायदा आणला तेव्हा हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येईना, आणि गोऱ्यांना मात्र सूट होती. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात त्यावर ठराव केला. त्या काळातून ज्या थोड्या बंदुका माळ्यावर, धान्याच्या कणगीत तगून राहिल्या, त्यांतली एखादी आज आपणच कापतो. वर्गात शिकवताना तुम्ही तो कायदा फळ्यावर लिहिला असेल. अशी एक बंदूक मुलांच्या हातात दिली असती तर तो तास त्यांच्या लक्षात राहिला असता.

प्रश्न : आमच्याकडे आजोबांच्या नावावर शेती संरक्षणाची ठासणीची बंदूक आहे. डुकरं, वांदर हाकायला वापरायचे. आजोबा दोन आठवड्यांपूर्वी वारले. बंदूक भिंतीवरच आहे. काय करायचं? गंज चढलाय, जमा करण्याआधी चिंचेने घासू का?
– एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : आधी कायद्याचं. परवानाधारक गेला की बंदूक घरात ठेवणं बेकायदा होतं. विनाकारण उशीर न करता जमा करायची. मात्र ती पोलीस ठाण्यातच द्यावी लागते असं नाही. परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडेही जमा करता येते. तिथे तिला निदान तेल लागतं. लगेच वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करा. परवाना मिळाला की बंदूक परत घेता येते. नको असेल तर परवाना असलेल्या माणसाला विकता येते. पण ठरलेल्या मुदतीत यातलं काहीच केलं नाही, तर ती सरकारजमा होते, आणि पुढचं वाईच्या वाचकांनी वर लिहिलंच आहे. म्हणून पावतीवर बंदुकीचं पूर्ण वर्णन लिहून घ्या आणि मुदत किती ते विचारून तिथेच नोंदवा. ज्यांचे आजोबा हयात आहेत त्यांनी आत्ताच हालचाल करावी. परवानाधारकाला ७० वर्षं झाली किंवा हत्यार बाळगून २५ वर्षं झाली, यांतलं जे आधी होईल तेव्हा, तो हयात असतानाच वारसाच्या नावाने परवाना मागता येतो.

चिंच नको. राख नको, पीतांबरी नको, पॉलिश पेपर तर अजिबात नको. जुन्या नळीवरची खूण, आकडा, कारागिराचं नाव केसाएवढं खोल असतं, एका दसऱ्याला जातं. खंडेनवमीला हळदकुंकू ओलं करून थेट लोखंडावर लावतात, तेही टाळा; पूजा करा, पण बोट दस्त्याच्या लाकडाला लावा. कोरड्या सुती कापडाने धूळ टिपा, पातळ तेलाचा हात फिरवा, बस.

आणि सर्वांत महत्त्वाचं, भिंतीवरून उतरवण्याआधी ती भरलेली आहे असंच धरून चाला. तोंडासमोर कुणाला उभं करू नका, जवळ विडी-काडी नको, घोड्याला हात नको. लाकडाची किंवा बांबूची सरळ काठी बाजूला उभं राहून नळीत हलकेच सोडा. काठी थांबली की नळीच्या तोंडाशी तिच्यावर खडूने खूण करा. बाहेर काढून नळीच्या बाजूला, खूण तोंडाशी जुळवून धरा. काठीचं टोक कानापर्यंत पोचलं तर नळी रिकामी. चार बोटं अलीकडेच थांबलं, तर आत बार आहे. मग स्वतः काही करू नका, परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याला घरी बोलवा. काळी दारू कोरडी राहिली तर कितीतरी वर्षं जिवंत राहते.

मी लहान होते तेव्हा दुकानात एक शेतकरी अशीच बंदूक पोत्यात गुंडाळून, बैलगाडीत उभी करून घेऊन आला होता. वडिलांनी काठी घातली, बाहेर काढून नळीशी धरली आणि काही न बोलता मला मागच्या दाराने घरी पाठवलं. संध्याकाळी त्यांनी वाटीत काढलेली दारू, चिंधीचा बोळा आणि अकरा छर्रे मला दाखवले. चिंधी जुनेराची होती, तिच्यावर अजून बारीक निळी फुलं दिसत होती.