हॅम्बुर्गहून सोळा दिवसांत नॉर्डकॅप, लोफोटेन आणि गायरांगर : आराखड्याबद्दल माझे मत

तुमचा आराखडा मी दोनदा वाचला. तुम्ही दोघे हॅम्बुर्गहून व्ही-स्ट्रॉम ६५० मोटरसायकलवर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात निघणार, स्वीडनमधून थेट नॉर्वेच्या उत्तरेकडचे नॉर्डकॅप गाठणार, परतताना लोफोटेन बेटे, अटलांटिक रस्ता, ट्रोलस्टिगेनचा घाट आणि गायरांगरचा फिओर्ड (डोंगरांत खोल शिरलेली समुद्राची खाडी) पाहणार, आणि सोळाव्या दिवशी घरी पोहोचणार. त्यासाठी रोज सरासरी ४५० किलोमीटर धरले आहेत. मी गोटेनबर्गला राहतो आणि नॉर्वेत मोटरसायकलवर पाच दौरे केले आहेत, त्यांपैकी दोन पत्नीला मागे बसवून. त्या अनुभवावरून स्पष्ट सांगतो की हा आराखडा कागदावर जुळतो, पण रस्त्यावर जुळणार नाही, आणि त्याची सर्वांत मोठी किंमत तुमच्या मागे बसणाऱ्या व्यक्तीला मोजावी लागेल.

चूक किलोमीटर मोजण्यात नाही, ते तासांत बदलण्यात आहे. स्वीडनच्या पूर्व किनाऱ्याने जाणाऱ्या ई-४ महामार्गावर दिवसाला ५०० किलोमीटर सहज होतात, पण पश्चिम नॉर्वेत तेवढ्याच श्रमांत २५० होतात आणि ३०० झाले तर तो मोठा दिवस समजावा. तेथे गावाबाहेरची सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर असते, वस्तीत ५० किंवा त्याहून कमी, आणि घाटात ४० च्या वर जाण्याची बहुधा इच्छाही होत नाही. त्यात फिओर्ड ओलांडण्यासाठी फेरीबोट येते, म्हणजे वीस मिनिटे वाट पाहणे आणि पंधरा मिनिटांचा प्रवास. गायरांगर ते ट्रोलस्टिगेन हा राष्ट्रीय पर्यटनमार्ग सारा मिळून १०४ किलोमीटरचा आहे. नकाशावर तो सकाळच्या न्याहारीनंतरचा प्रवास वाटतो, पण मी त्याला कधीही पूर्ण दिवसापेक्षा कमी वेळ दिलेला नाही आणि दिलेला वेळ कधी वाया गेला असे वाटले नाही.

म्हणून तुम्हाला निवड करावी लागेल. हॅम्बुर्ग ते नॉर्डकॅप अंतर पावणेतीन हजार किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे जाऊन-येऊन साडेपाच हजार, आणि त्यात स्वीडन व फिनलंडच्या जंगलांमधले सरळ रस्तेच अधिक. नॉर्डकॅपचे आकर्षण मी समजू शकतो. ७१ अंश १० मिनिटे उत्तर अक्षांशावर, समुद्रापासून ३०७ मीटर उंच कड्यावर उभे राहून मध्यरात्रीचा सूर्य पाहणे हा आयुष्यभर लक्षात राहणारा क्षण आहे. मात्र युरोपचे उत्तर टोक म्हणून तेथे जात असाल तर हेही ठाऊक असू द्या की त्याच मागेरोया बेटावरचे शेजारचे क्निव्हशेलोडेन हे भूशिर त्याहून थोडे अधिक उत्तरेला आहे आणि तेथे जायला रस्ता नाही, नऊ किलोमीटर चालत जावे लागते. नॉर्डकॅपसाठी साडेतीन आठवडे काढता येतील त्या वर्षी जावे, म्हणजे परतताना लोफोटेन आणि स्टाइनशेर ते बोदो हा सुमारे ६५० किलोमीटरचा किनारी मार्ग घाईविना करता येईल. त्या मार्गावर सहा फेरीबोटी लागतात आणि उत्तर ध्रुववृत्त बोटीवरूनच ओलांडले जाते. सोळा दिवसांत मात्र पश्चिम नॉर्वेच करावा, असे माझे ठाम मत आहे.

मी हा मार्ग असा आखीन. पहिल्या दिवशी हॅम्बुर्गहून डेन्मार्कच्या उत्तर टोकाला हिर्टसहाल्स, सुमारे ५०० किलोमीटर, आणि दुसऱ्या सकाळी सव्वातीन तासांच्या जहाजाने क्रिस्टियानसांड. तेथून सेटेसदालच्या खोऱ्यातून वर चढून लिसेबोटनला उतरावे. हा घाट २७ वळणांचा आहे आणि एक वळण चक्क बोगद्याच्या आत, अंधारात घ्यावे लागते, म्हणून बोगद्यात शिरण्यापूर्वीच हेल्मेटची काळी काच वर करावी. लिसेफिओर्डमधून पुढे नेणारी बोट उन्हाळ्यातच चालते आणि तिच्यावर जागा आधी राखावी लागते. मग तेरा क्रमांकाच्या रस्त्याने र्‍यूफुल्के, रोल्दाल, ओद्दा करत हार्डांगर, तेथून फॉस आणि आउरलांड.

आउरलांडला दोन वाटा फुटतात. एक २४.५ किलोमीटर लांबीच्या लॅरदाल बोगद्यातून जाते, जो २००० साली खुला झाला आणि जगातला सर्वांत लांब रस्ता-बोगदा आहे. दुसरी डोंगरावरून, १,३०६ मीटर उंचीवरून जाणारी ४७ किलोमीटरची जुनी वाट, जिला तेथील लोक हिमवाट म्हणतात, कारण जूनमध्येही रस्त्याच्या कडेला बर्फ उभा असतो. मुसळधार पाऊस किंवा दाट धुके नसेल तर वरूनच जावे. पुढे फोदनेसची बोट, सोग्नदाल, आणि मग सोग्नेफ्येल, उत्तर युरोपातला सर्वांत उंच घाटरस्ता, १,४३४ मीटर. मला स्वतःला ट्रोलस्टिगेनपेक्षा हा घाट अधिक आवडतो. ट्रोलस्टिगेनची अकरा वळणे १९३६ मध्ये खुली झाली आणि ती देखणी आहेतच, पण तेथे पर्यटकांच्या बसमागे रांगेत चढावे लागते. सोग्नेफ्येलवर डोंगर, हिमनदी आणि तुम्ही, एवढेच असते. तेथे मुक्कामाचे हॉटेल वा कॅम्पिंग मिळाले तर एक रात्र जरूर राहा.

लोमवरून गायरांगर, तेथून ट्रोलस्टिगेन, मोल्दे आणि १९८९ मध्ये खुला झालेला अटलांटिक रस्ता. हा रस्ता आठ पुलांचा आणि जेमतेम सव्वाआठ किलोमीटरचा आहे, त्यामुळे छायाचित्रे पाहून फार लांबलचक काही असेल अशी अपेक्षा ठेवू नये. वारा सुटलेला असताना मात्र तो फार प्रभावी दिसतो. परतताना सुंदालसोरा, ओप्पदाल, डोव्हरेफ्येल आणि रोंदानेच्या पायथ्याने ओस्लो, मग ओस्लोहून कीलचे वीस तासांचे जहाज. कीलहून तुमचे घर शंभर किलोमीटरवर. नॉर्वेतले सारे अंतर दोन हजार किलोमीटरच्या आसपास होईल, आणि मध्ये तीन दिवस मोकळे राहतील. ते कोठे वापरायचे हे आधी ठरवू नका, कारण ते पाऊसच ठरवेल.

पावसाविषयी थोडे सविस्तर लिहितो. मुंबईत चार महिन्यांत जेवढा पाऊस पडतो, साधारण तेवढाच बर्गनमध्ये पडतो, पण बारा महिन्यांत विखरून; त्यामुळे जून-जुलैतही कोरड्या दिवसांची खात्री नसते. आपल्याकडच्या पावसाची सवय येथे उपयोगी पडत नाही. कोकणातला पाऊस अंगावर घेतला तरी माणूस गारठत नाही, येथे समुद्रसपाटीला १४ अंश आणि तासाभराने घाटमाथ्यावर ४ अंश असते, आणि ओल्या हातमोज्यांतली बोटे ब्रेकचा दाब नीट ओळखत नाहीत. दोघांसाठी प्रत्येकी दोन जोड्या जलरोधक हातमोजे, अंगाला लागून मेरिनो लोकरीचे कपडे आणि जॅकेटवरून चढवायचा अखंड रेनसूट घ्या. जॅकेटचे अस्तर जलरोधक असल्याच्या भरवशावर राहू नका, कारण बाहेरचे कापड भिजून जड आणि गार होतेच. हँडलच्या मुठी तापवण्याची सोय नसेल तर ती निघण्यापूर्वी बसवून घ्या. मागे बसणाऱ्याला तापवलेल्या मुठी नसतात आणि शरीराची हालचालही नसते, म्हणून तो चालकाच्या आधी गारठतो. आम्ही दर सव्वा तासाने थांबण्याचा नियम केला आणि ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार पूर्णपणे मागच्या सीटला दिला. प्रवास तेव्हापासून दोघांचा झाला.

हेल्मेटच्या काचेला आतून धुके न धरू देणारी दुहेरी काच आवश्यक आहे. थंड बोगद्यातून दमट उघड्या हवेत बाहेर पडताच काच एका क्षणात पांढरी होते, आणि बोगद्याच्या तोंडाशी बहुधा वळणच असते. दुसरा धोका रस्त्यावर आडव्या बसवलेल्या लोखंडी जाळ्यांचा. मेंढ्या हद्द ओलांडू नयेत म्हणून त्या असतात आणि पावसात अतिशय निसरड्या होतात. माझ्या पहिल्या दौऱ्यात अशा जाळीवर मी ब्रेक लावला, मागचे चाक हातभर सरकले आणि गाडी कशीबशी सावरली. जाळी दिसली की वेग आधीच कमी करावा आणि जाळीवर गाडी सरळ, ब्रेक न लावता जाऊ द्यावी. अरुंद रस्त्यावर ‘एम’ अक्षराची निळी पाटी दिसते ती समोरच्या वाहनाला वाट देण्याची जागा दाखवते.

दोघे आणि सामान मिळून गाडीवर मोठा भार येईल, म्हणून मागच्या स्प्रिंगचा ताण आणि टायरमधली हवा पुस्तिकेत भरलेल्या गाडीसाठी दिली आहे त्याप्रमाणे घरीच करून एक रविवार फिरून पाहा. तेथील डांबर खरबरीत असते आणि टायर लवकर झिजवते, तेव्हा अर्धे झिजलेले टायर घेऊन निघू नका. चेनला दर ५०० किलोमीटरला आणि पावसाच्या दिवसानंतर हमखास तेल द्या.

जूनमध्ये रात्र होत नाही, आणि याचाही एक धोका आहे. उजेड असल्याने शरीर थकलेले कळत नाही आणि ‘अजून पन्नास किलोमीटर’ म्हणत माणूस मध्यरात्रीपर्यंत चालवत राहतो. नेमक्या त्याच उशिराच्या आणि पहाटेच्या वेळी एल्क, म्हणजे तिकडची भलीमोठी हरणे, रस्त्यावर येतात. सातच्या आत मुक्काम गाठावा आणि झोपताना डोळ्यांवर पट्टी बांधावी. मुक्कामासाठी कॅम्पिंगवरची लाकडी झोपडी, जिला तेथे ‘हिट्टे’ म्हणतात, सर्वांत सोयीची. ओले कपडे वाळवायला हीटर मिळतो. चादरी स्वतःच्या न्याव्यात. मोकळ्या रानात तंबू ठोकण्याचा हक्क १९५७ च्या कायद्याने सर्वांना दिला आहे, पण राहत्या घरापासून १५० मीटर दूर आणि त्याच जागी दोन रात्रींपेक्षा अधिक नाही. मोटरसायकल मात्र रस्ता सोडून रानात नेता येत नाही. डेन्मार्कमध्ये असा हक्क नाही.

खर्चाचे थोडक्यात. उपाहारगृहे फार महाग आहेत, म्हणून तांदूळ, मूगडाळ आणि मेतकूट बरोबर ठेवा आणि बाकीचे किराणा दुकानातून घ्या. नॉर्वेत बहुतेक टोलनाक्यांवर मोटरसायकलला टोल नाही. डेन्मार्क आणि स्वीडनला जोडणाऱ्या ओरेसुंद पुलावर मात्र आहे. रोख पैसे जवळजवळ लागत नाहीत. वेग मोडल्याचे दंड डोळे पांढरे करणारे असतात आणि नॉर्वेत रक्तातल्या मद्याची मर्यादा ०.२ प्रति हजार आहे, म्हणजे गाडी चालवायची असेल तर एक बिअरही नको.

तुमचे पुण्याचे मित्र ओस्लोला येऊन भाड्याची मोटरसायकल घेणार असतील तर त्यांनी शेंगेन व्हिसासाठी नॉर्वेकडे अर्ज करावा, कारण सर्वाधिक मुक्काम तेथे आहे. किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा आणि आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना लागेल, आणि भारतीय परवान्यावर त्या क्षमतेची गाडी देणार का, हे भाड्याने देणाऱ्याकडून लेखी घ्यावे.

तारखांबाबत, जूनचा तिसरा आठवडा योग्य आहे, कारण जुलैच्या उत्तरार्धात नॉर्वेतल्या बहुतेक लोकांची एकत्रित सुटी असते आणि जहाजे भरलेली असतात. घाट मात्र हिमावर आणि दरडींवर अवलंबून असतात. ट्रोलस्टिगेन २०२४ मध्ये दगड कोसळल्यामुळे हंगामाचा बराचसा काळ बंद होता. रोज सकाळी नॉर्वेच्या रस्ते प्रशासनाच्या नकाशावर स्थिती पाहावी किंवा १७५ क्रमांकावर फोन करून विचारावे. हिर्टसहाल्स आणि ओस्लो-कील ही दोन जहाजे मात्र याच आठवड्यात राखून ठेवा, आणि राखताना बाजूच्या पेट्यांसह गाडीची खरी रुंदी-उंची भरा. जहाजावर गाडी बांधायला पट्टे मिळतात, पण त्यांना ग्रीस लागलेले असते, म्हणून सीटवर टाकायला एक जुना टॉवेल वरच्या बॅगेत ठेवा.