ब्रेक मऊ पडतो, बोटं आखडतात

प्रश्न : कॅनडातल्या व्हिसलर माउंटन बाइक पार्कात मी १४० मिमी ट्रॅव्हलची (म्हणजे सस्पेन्शन तेवढं दबणारी) ट्रेल बाइक चालवतो. दुपारपर्यंत ब्रेकमधला जोर जातो, बोटं आखडतात. डाउनहिल बाइकच (खडतर उतारांसाठीची, जास्त ट्रॅव्हलची) घ्यावी लागेल का?
— एक वाचक, व्हँकुव्हर

उत्तर : एवढ्यासाठी नको. ईझी डझ इट, बी-लाइन, क्रँक इट अप या वाटांना तुमची बाइक पुरते. बाइकसकट वर नेणाऱ्या लिफ्टमुळे उतारामागून उतार होतो, आणि उतारभर ब्रेक हलका दाबून ठेवला की उष्णता साचत जाते. आधी दोष नेमका कुठे आहे ते पाहा. लिव्हर (ब्रेकची दांडी) कडक, पण पकड नाही, तर पॅड (ब्रेकची चकती पकडणाऱ्या पट्ट्या) तापून गुळगुळीत झालेत. लिव्हर मऊ होऊन हँडलबारला टेकतो, तर तेलात हवा किंवा पाणी आहे, नाहीतर ते उकळतंय. तेल बदलून ब्लीड करा (ब्रेकमधली हवा काढून टाका), मेटॅलिक पॅड बसवा. रोटर (ब्रेकची चकती) त्या पॅडला चालतो ना आणि फोर्कला (पुढच्या सस्पेन्शनला) २०० किंवा २०३ मिमी रोटर चालतो का, हे आधी तपासा. ब्रेक बसवायचा अडॅप्टर रोटरच्या मापाचाच हवा. नवे पॅड सपाट रस्त्यावर रुळवून घ्या : वेग घ्या, चालण्याच्या वेगापर्यंत आणा, पूर्ण थांबू नका, असं प्रत्येक ब्रेकला वीसेक वेळा.

खरा इलाज मात्र ब्रेक मारण्याच्या सवयीत आहे. बर्मच्या (वळणावरच्या मातीच्या उंच कडेच्या) आधी, बाइक सरळ असतानाच जोरात ब्रेक मारा आणि वळणात सोडून द्या. लिव्हरचा क्लँप आत सरकवा, म्हणजे एकच बोट लिव्हरच्या टोकावर पडेल आणि बाकीची ग्रिपवर राहतील. वळणाआधी सगळेच ब्रेक मारतात, म्हणून तिथे खड्ड्यांची रांग पडते. रिबाउंड (दबलेलं सस्पेन्शन परत वर येण्याचा वेग) फार संथ असेल तर एका खड्ड्यातून सावरण्याआधीच पुढचा येतो, सस्पेन्शन खाली दबत जातं आणि सगळे हादरे हाताला बसतात. रिबाउंड एकेक क्लिक वेगवान करत त्याच वाटेवर पुन्हा उतरून पाहा. मागच्या शॉकचा सॅग (तुम्ही बसल्यावर तो जेवढा दबतो ते) ३० टक्क्यांच्या आसपास ठेवा : शॉक एकूण ६० मिमी दबत असेल (स्ट्रोक) तर १८ मिमी.

ए-लाइन या उड्यांच्या वाटेवर दिवसभर उड्या घ्यायच्या असतील तर मात्र डाउनहिल बाइक भाड्याने घ्या.

प्रश्न : वाटेत थांबायचं कुठे?

उत्तर : उडीच्या लँडिंगवर कधीच नाही, वरून येणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही. बाइकसकट वाटेबाहेर व्हा, परत शिरताना वर बघा. कुणी पडलं असेल तर एकाने लगेच उडीच्या वरच्या बाजूला जाऊन येणाऱ्यांना थांबवावं, दुसऱ्याने पार्कच्या गस्ती पथकाला (बाइक पॅट्रोल) कळवावं. जखमीला उचलण्याची घाई करू नका.